मुक्या पडद्यासमोरची बडबड

आमच्या भागातल्या वाचनालयात सामोअन, म्हणजे पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांच्या, भाषा सप्ताहासाठी एक जुना सिनेमा लावला होता आणि ऐन वेळी आवाजच येईना. चित्र छान होतं. नारळाची झाडं डोलत होती, माणसांची तोंडं हलत होती, स्पीकर मात्र ढिम्म. कार्यक्रम सांभाळणारा पोरगा कधी वायर काढून बघत होता, कधी लॅपटॉप बंद करून चालू करत होता, आणि मेअखेरच्या ऑकलंडच्या थंडीतही घामाघूम झाला होता. बाहेर पाऊस लागलेला. आत ओल्या जॅकेटांचा, केसांना चोपडलेल्या खोबरेल तेलाचा आणि मागच्या टेबलावर झाकून ठेवलेल्या खाण्याचा वास एकमेकांत मिसळला होता. पुढच्या दोन रांगांत सामोअन आज्या बसल्या होत्या, कानामागे कापडी फुलं खोवून, मांडीवर जाडजूड पर्स घेऊन. पोरगा माफी मागायला उभा राहिला तशी त्यातल्या एकीने हातानेच त्याला बस म्हणून सांगितलं. आणि मग त्या बोलायला लागल्या. पडद्यावर एक लहान मुलगा उंच माडावर चढत होता. त्याला एकीने खालूनच असं काही सुनावलं की अख्खी रांग गदगदून हसली. एक बाई झाडाची साल तासायला बसली, तर तिघीचौघींनी एकदम तिच्या कामावर शेरे मारले. माझी मैत्रीण, म्हणजे मी ज्या वृद्धाश्रमात कामाला आहे तिथली माझी सामोअन सहकारी, सुरुवातीला माझ्या कानात भाषांतर करत होती. पाचेक मिनिटांत तिनं ते सोडून दिलं, कारण तिलाही मध्येच बोलायचं होतं.

आमच्या पुढे हुडी घातलेला एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आजीशेजारी बसला होता. त्याने इंग्रजीत विचारलं, "आपण खरंच असे राहायचो?" आजी सामोअनमध्ये म्हणाली, "छे! कपडे काढायला लावले होते त्यांना." आणि श्वासही न घेता पुढे, "पण ती शिंपला कसा धरते बघ. तसा धरायचा. तू परवा बटाटे सोलत होतास तसा नाही." मैत्रिणीने हे मला सांगितलं आणि ती पुन्हा पडद्याकडे वळली. मी मात्र तिथेच अडकले. ज्या सिनेमात भाषाच नाही आणि जो खोटा आहे असं पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या उघड बोलून दाखवतात, त्या सिनेमाने भाषेचा सण साजरा करायचा?

घरी जाऊन झोपले तरी ते डोक्यातून जाईना.

सिनेमा होता 'मोआना', मुळातला मूकपट. रॉबर्ट फ्लाहर्टी या अमेरिकन माणसाने तो १९२३ आणि १९२४ मध्ये सामोआच्या सवाई बेटावर, साफुने गावात राहून काढला. त्याआधी बर्फातल्या इन्युइट माणसांवर केलेला त्याचा सिनेमा जगभर गाजला होता, त्यामुळे हॉलिवूडच्या कंपनीने पैसे दिले आणि सांगितलं, तसाच दुसरा आण. तो बायको फ्रान्सिस, तीन लहान मुली आणि भाऊ असं बिऱ्हाड घेऊन गेला. तिथे त्याला पाहिजे होता माणूस आणि निसर्ग यांचा झगडा. मिळालं असं गाव की जिथे फणसासारखा ब्रेडफ्रूट झाडाला लटकलेला आणि मासे दारात. मग त्याने एक कुटुंब जुळवलं. आई एकीकडची, मुलगा दुसरीकडचा, मुलाची वाग्दत्त वधू तिसरीकडची. ताआवाले नावाच्या तरुणाला 'मोआना' केलं. गावातले लोक तोवर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती होते, रविवारी अंगभर कपडे घालून चर्चला जाणारे. मिशनरी तिथे १८३० मध्येच पोचले होते. कॅमेऱ्यापुढे मात्र सगळ्यांना सालीच्या कापडाच्या लुंग्या नेसवल्या, बायकांच्या अंगावरचे झगे उतरवले. आणि एवढं करून सिनेमा १९२६ मध्ये अमेरिकेत लागला तेव्हा कंपनीने त्याची जाहिरात कशी करावी? दक्षिण समुद्रातल्या मोहिनीची प्रेमकहाणी! गल्ल्यावर तो पडला, यात मला तरी नवल वाटत नाही. मोहिनी बघायला आलेल्यांना तासभराहून जास्त खोबरं खवणारी बाई बघावी लागली असेल तर ते चिडणारच.

पण त्याच सिनेमाच्या परीक्षणात, ८ फेब्रुवारी १९२६ च्या 'न्यूयॉर्क सन'मध्ये, जॉन ग्रिअरसन या समीक्षकाने 'डॉक्युमेंटरी' हा शब्द वापरला आणि तो पुढे सिनेमांच्या एका अख्ख्या जातीला चिकटला. आम्ही तालुक्याच्या टॉकीजमध्ये मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनची जी काळी-पांढरी रिळं बघितली, धरणाच्या भिंती, कुक्कुटपालन, नाचणारे आदिवासी, ती सगळी याच ग्रिअरसनच्या घराण्यातली. ती चालू असताना कुणी बसत नसे. शेंगदाणे घ्यायचे, मुताऱ्या गाठायच्या, मागून कुणीतरी "अहो, सरका" म्हणायचं. पडद्यावर आदिवासी नाचत असायचे आणि एक भारदस्त आवाज ते का नाचतात ते सांगत असायचा. त्या नाचणाऱ्यांपैकी कुणी काय गात होतं हे मला आजही माहीत नाही. गाणं मागे पुसट यायचं, सांगणाऱ्याचा आवाज पुढे. लहानपणी यात काही खटकण्याजोगं आहे असं वाटलंच नव्हतं.

'मोआना'त काय नाही याची यादी मोठी आहे आणि ती मला मैत्रिणीमुळे कळत गेली. रात्रपाळीत सगळे आजी-आजोबा झोपले की आम्ही दोघी पँट्रीत चहा घेऊन बसतो. ती सामोअन स्तोत्रं गुणगुणत टॉवेलांच्या घड्या घालते. एकदा मी म्हटलं, त्या सिनेमात म्हातारी माणसं फार कमी दिसतात, नाही? ती म्हणाली, कुठून दिसतील? ७ नोव्हेंबर १९१८ ला 'तालुने' हे जहाज ऑकलंडहून आपिया या सामोआच्या राजधानीच्या बंदरात लागलं, त्यावर फ्लूचे आजारी होते आणि तेव्हा सामोआवर राज्य करणाऱ्या न्यूझीलंडच्या कारभाऱ्यांनी कुणालाही अडवलं नाही. पुढच्या काही आठवड्यांत साडेआठ हजारांच्या आसपास माणसं मेली, म्हणजे देशातला दर पाचातला एक आणि वर थोडे. शेजारच्याच अमेरिकन सामोआच्या गव्हर्नरने बंदर बंद ठेवलं. तिथे एकही माणूस दगावला नाही. म्हणजे फ्लाहर्टीने साफुनेत तिवई मांडली तेव्हा या गोष्टीला जेमतेम पाच वर्षं झाली होती. त्या सिनेमातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने त्या आठवड्यांत कुणाला ना कुणाला पुरलं असणार. हे समजल्यावर मी इंटरनेटवर तो पुन्हा लावला. समुद्र तसाच चमकत होता. ताआवाले हसत होता, सुंदर हसतो तो. पण आता मला त्या हसण्याकडे सरळ बघता येईना.

फ्लाहर्टीला हे माहीत नसेल असं होऊच शकत नाही. त्याने फ्रेम आखली आणि ते बाहेर ठेवलं. चर्च बाहेर, कबरी बाहेर, न्यूझीलंडचा झेंडा बाहेर. सिनेमा न्यूयॉर्कमध्ये लागल्यानंतर वर्ष-दीड वर्षातच सामोआत 'माऊ' चळवळ उभी राहिली, सामोआ सामोअनांसाठी म्हणणारी. निळ्या लुंग्या, त्यांवर पांढरा पट्टा, हीच त्यांची वर्दी. २८ डिसेंबर १९२९ ला आपियातल्या शांत मोर्चावर न्यूझीलंडच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे शांत राहा, शांत राहा म्हणत पुढे गेले आणि गोळी लागून पडले. ज्यांना जाहिरातवाल्यांनी नंदनवनातले निरागस जीव म्हणून विकलं होतं ते लोक आपल्याच रस्त्यावर मरत होते. न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी या सगळ्याची माफी मागितली ती २००२ साली, आपियाला जाऊन.

एवढं सगळं असूनही मी हा सिनेमा फेकून द्यायला तयार नाही. कारण त्यात हात आहेत.

सिआपो, म्हणजे सालीचं कापड, करणारी ती बाई बघा. नाव तुउंगाइता. ती कागदी तुतीची कोवळी फांदी सोलते, आतली पांढरी साल वेगळी करते, फळीवर टाकून पाण्याने भिजवत शिंपल्यांनी तासते. शिंपला वरून खाली एका दमात येतो आणि साल त्याच्यापुढे रुंदावत जाते. मग ठोकणं. मग कोरीव पाटीवर अंथरून रंग चोळणं. यातली एकही हालचाल अमेरिकन माणसाने शिकवलेली नाही. शिकवून यायचीच नाही. स्वयंपाकातही तेच. खोबरं खवून, पिळून काढलेला घट्ट रस कोवळ्या पानांच्या द्रोणात ओतायचा, पुरचुंडी बांधायची आणि ऊमूच्या तापलेल्या दगडांवर ठेवायची. पालुसामी. ती पानं अळूची आहेत हे कळलं त्या क्षणी मी खुर्चीत पुढे सरकले. आमच्या रत्नागिरीच्या घरी मागच्या ओसरीवर आई अशीच पान पालथं घालून देठाच्या शिरा सोलायची आणि खाजतं का ते बघायला एक तुकडा जिभेला लावायची. वाचनालयात मागच्या टेबलावर झाकून ठेवलेलं तेच होतं. मी तीन खाल्ले आणि चौथा पर्समध्ये.

आणि ताताउ. कमरेपासून गुडघ्यापर्यंत गोंदवून घेणं हे सामोअन पुरुषाचं मोठं काम. मिशनऱ्यांनी नाकं मुरडली, बंदी घालू पाहिली, तरी सामोआत ही परंपरा अशी कधी तुटलीच नाही. अर्ध्यावर सोडलं तर ती लाज घराण्याला चिकटते, त्यामुळे एकदा बसलं की निभावायचं. डुकराच्या सुळ्याच्या दातेरी फणीवर लाकडी दांडीने ठक ठक ठोकायचं, दुसरे कातडं ताणून धरणार, रक्त पुसणार. सिनेमातलं बाकी सगळं रचलेलं असेल, ताआवालेचं हे गोंदण रचलेलं नाही. ते त्याच्या कातडीवर उमटलं आणि तो जगला तोवर राहिलं. गंमत अशी की हे नीट दिसतं तेही एका तांत्रिक योगायोगामुळे. त्या काळची नेहमीची फिल्म लाल रंगाला आंधळी होती. तांबूस-सावळं अंग तिच्यावर काळंठिक्कर उमटे. फ्लाहर्टीने पँक्रोमॅटिक फिल्म वापरून बघितली आणि कातडीला पोत आला, उतार-चढाव आले, घाम दिसायला लागला. ती फिल्म पूर्ण अंधारात धुवावी लागते म्हणून गावाजवळच्या एका गुहेत सोय केली होती. त्या गुहेतलंच पाणी पिऊन, त्यात उतरलेल्या चांदीच्या क्षारांमुळे, फ्लाहर्टी मरता मरता वाचला. त्याच्या अंगात सामोआ जरा जास्तच गेलं म्हणायचं.

वाचनालयात गोंदणाचा प्रसंग आला तेव्हा आज्या गप्प झाल्या असतील असं तुम्हाला वाटेल. उलट! तेव्हाच सगळ्यात जास्त गलका झाला. कुणाच्या भावाने कुठे करून घेतलं, कोण तिसऱ्या दिवशी आईला हाका मारत होता, कोणाचा नवरा पूर्ण केलंय म्हणून थापा मारतो पण कुणी बघितलंय. मैत्रीण हसता हसता डोळे पुसत होती आणि मला काही सांगायला तयार नव्हती.

मी कानाने ऐकत होते फक्त. अर्थ कळत नसला की भाषेचं दुसरंच काहीतरी ऐकू येतं. कार्यक्रमाच्या सुरुवातीला पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली होती तेव्हा शब्द स्वच्छ, दंत्य 'त'चे, एकेक स्वर लांबवून ठेवलेले. आज्या बडबडायला लागल्या आणि सगळे 'त' गेले, त्यांच्या जागी 'क' आले. माणसाला चर्चमध्ये, रेडिओवर, पाहुण्यांसमोर 'तांगाता' म्हणायचं. घरात, बाजारात, भांडणात तोच 'कांगाका'. सामोअन मुलांना शाळेत नि चर्चमध्ये पहिला प्रकार चांगला म्हणून शिकवतात आणि दुसऱ्याला वाईट बोलणं म्हणतात, पण प्रेम नि शिव्या दोन्ही त्या वाईटातच चालतात. वर पुन्हा आदराची वेगळी शब्दसंपदा: गावच्या मुखियाचं जेवणं, झोपणं, घर, आजारपण यांचे शब्द साध्या माणसाहून निराळे. भाषा सप्ताहाच्या पोस्टरवर यातलं काही मावत नाही. तिथे "तालोफा", म्हणजे नमस्कार, आणि खाली हसरा चेहरा. शाळा-ऑफिसांतून आठवडाभर सगळे एकमेकांना "तालोफा" म्हणतात, सोमवारी सगळं थंड. मला या सप्ताहांची थोडी चीडच येते, खरं सांगायचं तर. पण मराठी भाषा गौरव दिनाला आमच्या मंडळाच्या ग्रुपवर काय चालतं ते आठवलं की मी जपून बोलते.

या देशात सामोअन ही इंग्रजी आणि माओरीनंतरची तिसऱ्या क्रमांकाची भाषा. २०२३ च्या जनगणनेत इथले सामोअन दोन लाखांच्या वर भरले, म्हणजे खुद्द सामोआत राहतात साधारण तेवढेच. त्यांतले जेमतेम निम्मे सामोअन बोलतात. बाकीचे त्या हुडीवाल्या मुलासारखे: समजतं, पण उत्तर इंग्रजीतून. माझा मुलगाही तसाच आहे. मी "जेवलास का" विचारते, तो "या, आय एट" म्हणतो, आणि आमचं बरं चाललेलं असतं.

नंतर मी जुन्या चित्रफितींच्या नादालाच लागले. न्यूझीलंडने १९४१ मध्ये सरकारी फिल्म खातं काढलं, नॅशनल फिल्म युनिट, आणि त्यांचे कॅमेरे पॅसिफिकच्या बेटांवरही पोचले. आता चित्राबरोबर आवाज होता. आणि आवाज आल्यावर काय झालं? तर बोलणाऱ्या माणसावर निवेदकाचा आवाज बसला. त्या काळच्या न्यूजरीलचा रिवाजच तो: बेटावरचा माणूस उभा आहे, ओठ हलताहेत, आणि वरून एक इंग्रजी आवाज आपल्याला हवा कशी छान होती ते सांगतोय. सामोआत जो भाषणासाठी उभा राहतो तो तुलाफाले, वक्ता-मुखिया. हातात उंच काठी, खांद्यावर काथ्याची चवरी. तो जे बोलतो त्यात कुणाचं घराणं, कुणाची वंशावळ, कुठल्या जुन्या लढाईचा उल्लेख, हे सगळं तोलून ठेवलेलं असतं. एक शब्द चुकला तर समोरचे वीस जण मान खाली घालतात. त्या माणसाच्या तोंडावर "नेटिव्हजचे रंगीबेरंगी विधी" असलं काही ओतायचं! मूकपटाने निदान जागा तरी मोकळी ठेवली होती. तिथे कुणी येऊन बोलू शकतं. बोलपटाने ती जागा भरून टाकली, आणि एकदा ती फिल्मच्या कडेच्या आवाजपट्टीवर छापली गेली की खरवडून काढता येत नाही.

या विचाराशी आले आणि मोनिकाची गोष्ट नव्याने आठवली. मोनिका फ्लाहर्टी, त्या बिऱ्हाडातली धाकटी मुलगी, साफुनेत असताना तीन-चार वर्षांची. ती पन्नाशीनंतर, १९७५ मध्ये, पुन्हा सवाईला गेली. सोबत रिचर्ड लीकॉक, जो तरुणपणी तिच्या वडिलांचा कॅमेरामन होता. बापाच्या मुक्या सिनेमाला आवाज द्यायचा, एवढंच काम. लाटा, सालीवरची ठोकणी, पाखरं, पावलं, सामोअन संवाद, गाणी, सगळं तिथलं तिथे ध्वनिमुद्रित केलं. पन्नास वर्षांपूर्वी हललेल्या ओठांवर आत्ताच्या माणसांचे शब्द बसवायचे हा उद्योग किती वेडा आहे, विचार करा. ते १९८० मध्ये पुरं झालं. पण तिच्याकडची प्रिंट यथातथाच होती. २०१४ मध्ये ब्रूस पोस्नर आणि फ्लाहर्टीचा पणतू सामी व्हान इंगेन यांनी चांगल्या प्रिंटांवरून चित्र साफ करून मोनिकाचा आवाज त्याला जोडला. आमच्या वाचनालयात त्या दिवशी ऐकू येणार होता तो हा आवाज.

मी तो नंतर हेडफोन लावून ऐकला. सुरेख आहे. सालीवर पडणारी ठोकणी तर कानात घुमत राहते. आणि तरी, मला पहिल्या रांगेतल्या आज्यांचा आवाज जास्त आवडला असं म्हणू का? तेही पूर्ण खरं नाही. मोनिकाने ज्यांच्याकडून बोलून घेतलं तेही असेच कुणाचे तरी काका-मावश्या होते, खुर्च्या ओढून, हसून, पुन्हा एकदा म्हणा म्हटल्यावर कंटाळून बोललेले. फरक इतकाच की त्यांचं एकदा ठरून गेलं. ज्या माणसाला त्यांनी जो शब्द दिला तो आता त्याचाच.

मैत्रिणीच्या घरी फितींचा हा विषय निघाला की मात्र बोलणं वेगळ्याच रिळावर जातं. तिचे वडील साठच्या दशकात कारखान्यात काम करायला ऑकलंडला आले. तेव्हा माणसं कमी होती आणि इथल्या लोकांनीच त्यांना बोलावलं होतं. सत्तरच्या दशकात मंदी आली आणि पोलीस पहाटे दारं ठोठावायला लागले, व्हिसा दाखवा म्हणून. टीव्हीच्या जुन्या फिती यूट्यूबवर आहेत. १९८० च्या दशकातल्या एका पाहणीत निघालं की मुदत संपून राहणाऱ्यांत पॅसिफिक बेटांचे लोक तिसऱ्या हिश्श्याएवढे, पण खटले भरलेल्यांत ८६ टक्के. मैत्रिणीची आई या फिती बघत नाही. रिमोट घेते आणि चॅनल बदलते. जुन्या फितींमुळे संस्कृती जिवंत राहते असं भाषणात ऐकायला बरं असतं, पण प्रत्येक जुनी फीत दिवाणखान्यात लावण्याजोगी नसते. आम्ही मराठी, गुजराती, पंजाबी लोक या उपनगरांत बहुतेक नंतर आलो, व्हिसाचे पॉइंट मोजून, कागद नीट करून. त्या दारांच्या शेजारच्या दारांत राहतो, त्यांच्या आज्यांना अंघोळी घालतो, ते आमच्या आज्यांना. आणि तो पहाटेचा ठोठावण्याचा इतिहास आपला नाही असंही मनात कुठेतरी बरं वाटतं. ते वाटणं मला आवडत नाही.

एक फीत मात्र त्या माउलीने स्वतः पुन्हा लावून बघितली. १ ऑगस्ट २०२१, ऑकलंडचा टाउन हॉल. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न त्या धाडींची माफी मागायला आल्या आणि त्यांनी इफोंगा केलं. सामोअन रीत अशी की ज्याच्या घरच्याने अपराध केला तो पहाटे अपराध झालेल्या घरापुढे जाऊन बसतो, डोक्यावरून इए तोंगा, म्हणजे घराण्याची मोलाची बारीक विणीची चटई, पांघरून. न बोलता. समोरच्याने वाटलं तर येऊन ती चटई उचलायची. नाही उचलली तर? तर बसून राहायचं. टाउन हॉलमध्ये पंतप्रधानांवर ती चटई धरली, काही वेळाने उचलली, मग मिठ्या. आईने ते बघताना एकच गोष्ट तीनदा सांगितली: चटई कशी दुमडली होती ते. बरोबर दुमडली होती, म्हणाली.

हेच सगळीकडे चाललेलं असतं हे माझ्या ध्यानात यायला उशीर लागला. या मंडळींना जुन्या चित्रांत काय बघायचं असतं? बरोबर केलंय का. इथल्या फिल्म अर्काइव्हने, १९८१ मध्ये जोनाथन डेनिसने उभी केली ती, सुरुवातीच्या वर्षांतच जेम्स मॅकडॉनल्डच्या माओरी फिती डब्यांतून काढल्या. १९१९ ते १९२३ दरम्यान म्युझियमसाठी टिपलेल्या. त्या दुरुस्त करून ज्यांच्या आजा-पणज्यांच्या होत्या त्यांच्या गावी नेऊन दाखवल्या. म्युझियमला हवी होती जाळी विणण्याची पद्धत. गावाला पडद्यावर पणजोबा भेटले. जुन्या ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरचा आंबट वास सुटतो, तो सुटला की फिल्म आक्रसायला लागते आणि मग घाई करावी लागते. पण माणसं त्याहून लवकर जातात. कोणत्या रिळात कोण आहे हे ओळखणारी शेवटची आजी गेली की ती फीत कितीही थंड खोलीत ठेवा, उरते ती 'जाळी विणणारा पुरुष' एवढ्या नावाने.

गेल्या हिवाळ्यात मैत्रिणीच्या घरी 'ओ ले तुलाफाले' बघायला बसलो. २०११ चा, तुसी तामासेसे याने लिहून दिग्दर्शित केलेला. सामोआत चित्रित झालेला आणि पूर्ण सामोअन भाषेतला पहिला कथापट. अळकुड्यांची शेती करणारा एक ठेंगणा माणूस, वडिलांचं मुखियापद मिळवायला धडपडणारा, आणि शेवटी बायकोसाठी सगळ्यांपुढे उभं राहून बोलावं लागणारा. ना मोहिनी, ना नंदनवन. सतत पाऊस आणि चिखल. इंग्रजी अक्षरं खाली येत होती ती माझ्यासाठी आणि मैत्रिणीच्या भाच्यासाठी. मोठी माणसं आधी हसायची, आम्ही दोघं वाक्य वाचून झाल्यावर. भाचा विशीतला, ट्रक चालवतो. आजोबांच्या वाढदिवसाला घराण्यातर्फे त्याने बोलायचं ठरलं होतं आणि तो धास्तावला होता. सिनेमातलं शेवटचं भाषण आलं तसं त्याने फोन काढला आणि वाक्यं टिपून घ्यायला लागला. थांबव, पुन्हा लाव, पुन्हा लाव. त्याच्या मामाने दोनदा रिमोट दाबला आणि तिसऱ्यांदा म्हणाला, हे काय करतोयस? ही वाक्यं तुझी नाहीत. प्रत्येक गावाची आदराची संबोधनं ठरलेली असतात, कुणाचं नाव आधी, कुणाला काय म्हणायचं, कुठल्या शब्दाने सुरुवात. दुसऱ्या गावची उचलून म्हणालास तर पाहुणे उठून जातील.

भाचा म्हणाला, मग आपली कुठे मिळतील? कुणी रेकॉर्ड केलीत का?

मामाने भाच्याला फोन लावायला सांगितला, तो थेट सवाईच्या आत्याला. तिथे आपल्याहून एक तास पुढे, ती निजायच्या बेतात होती. आधी तिने सगळ्यांच्या तब्येती विचारल्या, मग मामाला झापलं की पोराला इतकी वर्षं काही शिकवलं नाहीत, मग एक ओळ म्हणून दाखवली. भाच्याने स्पीकरवर ती म्हणून दाखवायला तोंड उघडलं. पहिल्याच शब्दाला आत्याने त्याला थांबवलं: 'क' नको, 'त'. आणि बसून बोलू नकोस, उभा राहा.